सैनिकाचा खुराक : भरती, नोकरी आणि निवृत्तीसाठी सोलापूरच्या स्वयंपाकघरातून

सोलापूर जिल्ह्यात सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली, सुट्टीवर गावी आलेले जवान आणि गणवेश उतरवून घरी परतलेले माजी सैनिक या सर्वांचे आयुष्य शरीराच्या क्षमतेवर उभे असते. तरीही त्यांच्या ताटाचा विचार खेळाडूच्या ताटासारखा क्वचितच केला जातो. भरतीच्या मुलाला कोणीतरी पावडरचा डबा सुचवतो, जवानाला घरी आल्यावर साऱ्या घरादाराच्या मायेने आग्रह करून वाढले जाते, आणि माजी सैनिक निवृत्तीनंतरही कवायतीच्या दिवसांतली भूक घेऊन जेवत राहतो. या तिन्ही टप्प्यांना लागणारा बहुतेक खुराक सोलापूरच्या साध्या स्वयंपाकघरात मिळतो, असे माझे ठाम मत आहे. फक्त तो किती आणि केव्हा खायचा, हे प्रत्येक टप्प्यावर नव्याने ठरवावे लागते. ज्यांनी आहाराचा हिशोब आजवर कधीच केलेला नाही, त्यांच्यासाठी तो येथे क्रमाने मांडला आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी यातील प्रमाणे डॉक्टरांना विचारूनच स्वीकारावीत.

पायरी पहिली : आधी श्रम मोजावेत, मग ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११०, मध्यम श्रमासाठी २,७१० आणि जड श्रमासाठी ३,४७० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत. पहाटे मैदानावर धावून, संध्याकाळी बीम (पुल-अप) आणि डिप्स मारून, मध्ये शेतातली कामेही करणारा मुलगा जड श्रमाच्या गटाजवळ जातो, तर रात्रभर अभ्यासिकेत बसणारा मुलगा मध्यम गटातच राहतो. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रामाणिकपणे ठरवल्याशिवाय पुढचा हिशोब जुळत नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाहून आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि ते वहीत धावण्याच्या वेळेशेजारी लिहावे. वजन घटत आहे आणि वेळही बिघडत आहे, असे दोन-तीन आठवडे दिसले, तर सराव वाढवण्याची नव्हे, जेवण वाढवण्याची गरज आहे. सतत थकवा, वारंवार सर्दी-खोकला, नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच होणारी वेदना आणि मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, ही सर्व शरीराला ऊर्जा अपुरी पडत असल्याची लक्षणे असू शकतात. विशेषतः पाळी थांबणे ही कष्टाची पावती समजून दुर्लक्षिली जाते, ते घातक आहे. त्यातून हाडे ठिसूळ होतात आणि प्रशिक्षणात त्यांना तडे जातात. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

पायरी दुसरी : भाकरीचे गणित

रोज तासभर चांगला सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ३०० ते ४२० ग्रॅम. घरी एकदा आईने परातीत घेतलेले एका भाकरीचे पीठ वजनकाट्यावर ठेवून पाहावे. मध्यम भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून सुमारे २३५ किलोकॅलरी, ४७ ग्रॅम कर्बोदके आणि ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे चार भाकऱ्यांतून १९० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आली. उरलेली भात, पोहे, केळी, गूळ आणि दूध यांतून पूर्ण करावी लागतात. वजन कमी भरते म्हणून काळजीत असलेली मुले बहुधा येथेच कमी पडतात, कारण दोन्ही वेळच्या भाकऱ्या नीट खाल्ल्या तरी मधल्या वेळेत त्यांच्या पोटात काहीच जात नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि मालदांडी ज्वारी खाऊन वाढलेल्या मुलांना भाकरी सोडून ओट्सकडे वळण्याचे काहीच कारण नाही. मार्च २०२३ मध्ये भारतीय लष्करानेही जवानांच्या शिध्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या पिठाचा पुन्हा समावेश करण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र ज्वारीत तंतुमय पदार्थ भरपूर असल्यामुळे ती सावकाश पचते. म्हणून धावण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत भाकरी खाऊ नये. पहाटे धावायला निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एक-दोन केळी किंवा गुळाचा खडा आणि पाणी एवढेच पुरते.

पायरी तिसरी : प्रथिने, डब्याशिवाय

सर्वसाधारण प्रौढासाठी प्रथिनांची भारतीय शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, तर नियमित कठोर सराव करणाऱ्यांसाठी क्रीडावैद्यक संस्था १.२ ते २ ग्रॅम सांगतात. भरतीच्या मुलाने १.४ ते १.६ धरावे, म्हणजे ६० किलोला ८४ ते ९६ ग्रॅम. हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि थेट पावडरच्या दुकानात जातात, म्हणून एक दिवस मांडून दाखवतो.

सरावानंतर दोन अंडी आणि पाव लिटर दूध यांतून २० ग्रॅम मिळतात. दुपारी दोन भाकऱ्यांचे १४, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीचे सुमारे ९, दोन मोठे चमचे शेंगाचटणीचे ५ आणि वाटीभर दह्याचे ३ किंवा ४ मिळून ३१-३२ होतात. संध्याकाळी मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाणे गुळाबरोबर खाल्ले की ७. रात्री पुन्हा दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट तूरडाळ, थोडा भात आणि झोपण्यापूर्वी पाव लिटर दूध यांचे मिळून ३० ते ३२. बेरीज ९० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि यात मांसाहाराचा एक तुकडाही धरलेला नाही. आपल्याकडे अनेक घरांत अंडेही चालत नाही. तेथे सकाळी पन्नास ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून त्यांतून १० ग्रॅम आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांतून प्रत्येक वेळी १५ ग्रॅम मिळवता येतात. हुलग्याचे (कुळथाचे) माडगे, म्हणजे त्याच्या पिठाची पातळ पेज, आता फार थोड्या घरांत होते, पण हुलग्यात शंभर ग्रॅममागे वीसहून अधिक ग्रॅम प्रथिने असतात, आणि थंडीतल्या सरावानंतर गरम माडग्याइतके सोयीचे दुसरे काही मला दिसत नाही.

येथे सोलापूरकरांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. भाकरी आणि शेंगाचटणी हे आपले लाडके जेवण प्रथिनांच्या दृष्टीने अपुरे आहे. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि शेंगदाण्यातही ते फारसे नसते, त्यामुळे दोन्ही एकत्र खाऊनही ती उणीव तशीच राहते. डाळी, कडधान्ये, दूध, दही आणि अंडी यांत लायसिन भरपूर असते. म्हणून चटणी-भाकरीबरोबर पिठले, उसळ, घट्ट वरण किंवा वाटीभर दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असलेच पाहिजे.

लोहाचा विचारही याच ताटात होतो. स्त्रियांसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषांसाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, आणि रक्त कमी असलेली मुलगी कितीही जिद्दीची असली तरी धावताना लवकर दमते. कडधान्ये, पालेभाज्या, अळीव आणि चालत असेल तर मटण किंवा कलेजी यांतून लोह मिळते. भाजी-उसळीवर लिंबू पिळल्यास ते शरीरात अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा ते नीट शोषू देत नाही. सकाळची चहा-भाकरी किंवा चहा-चपाती ही सवय म्हणूनच बदलावी आणि चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावा. डाळिंबाने रक्त वाढते, असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते; डाळिंब संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सोलापुरातच आहे आणि सांगोल्याच्या बागांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, परंतु डाळिंबात लोह अगदी थोडे असते. फळ म्हणून ते जरूर खावे. रक्त कमी असेल तर मात्र हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

पायरी चौथी : उन्हाळा आणि पाणी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि नेमका याच काळात परीक्षा संपलेल्या मुलांचा सराव जोर धरतो. ऊन तापण्यापूर्वीच सराव संपवावा, हे सर्वांना ठाऊक असते, पण पाण्याचे प्रमाण कोणी मोजत नाही. त्यासाठी सोपा मार्ग आहे. धावण्यापूर्वी आणि धावून आल्यावर घाम पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावे. जितके वजन घटले असेल त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत घोट-घोट प्यावे. म्हणजे एक किलो घट असेल तर सव्वा ते दीड लिटर. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर नाही.

घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेले ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत चांगले. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण काटेकोर पाळावे. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस मागून घ्यावे. तशाच दिसणाऱ्या पुड्यात मिळणारी गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पाणी अति पिणेही धोक्याचे असते, कारण रक्तातील सोडियम उतरून झटके येऊ शकतात. अशा घटना घडल्यानंतर अमेरिकी लष्कराने १९९८ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि कितीही ऊन असले तरी तासाला सुमारे १.४ लिटरहून अधिक पाणी पिऊ नये, अशी मर्यादा घातली. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याला पाणी पाजत बसू नये. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पायरी पाचवी : उपवास आणि रोजे

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे एकादशी सोडा असे सांगण्यात अर्थ नाही आणि तशी गरजही नाही. अडचण साबुदाण्याची आहे, कारण त्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च) असते आणि प्रथिने नसल्यातच जमा असतात. उपवासाच्या दिवशी भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध, दही आणि पनीर यांवर भर द्यावा आणि त्या दिवशी वेगाचा सराव न ठेवता हलके धावणे किंवा विश्रांती ठेवावी. नवरात्राचे नऊ दिवस सलग उपवास असेल, तर सरावाचे वेळापत्रक आधीच तसे आखावे.

रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी जोराचा सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी करावा, किंवा हलका सराव इफ्तारच्या आधीच्या तासात संपवावा. सहरीला भाकरी किंवा चपाती, अंडी किंवा डाळ आणि दही असे सावकाश पचणारे अन्न घ्यावे, आणि इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी एकदम न पिता विभागून प्यावे.

पायरी सहावी : भरतीचा दिवस

भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणे हा कस लावणारा भाग असतो. ही धाव पाच-सहा मिनिटांची असते आणि तिला लागणारी ऊर्जा आदल्या दोन दिवसांच्या जेवणातून स्नायूंत आधीच साठलेली असते. रांगेत उभे राहून प्यालेले कोणतेही पेय ती वाढवत नाही. खरे नुकसान प्रवासात होते. मुले रात्रीच्या गाडीने जातात, स्थानकाबाहेर मिळेल ते तळलेले खातात, दोन-तीन तास झोपतात आणि पहाटे बिघडलेल्या पोटाने मैदानात उभी राहतात. म्हणून डबा घरूनच न्यावा. आदल्या रात्री उसळ, कच्ची कोशिंबीर आणि झणझणीत रस्सा टाळून चपाती, दही-भात किंवा वरण-भात असे सवयीचे, हलके जेवण घ्यावे. धावण्याच्या दोन तास आधी दोन केळी किंवा गूळ-चपाती आणि अर्धा लिटरपर्यंत पाणी घ्यावे. ताटकळत थांबावे लागले तर थोडा गूळ किंवा दोन-तीन खजूर आणि पाण्याचे घोट पुरेत. सरावाच्या दिवसांत जे कधी खाल्ले नाही, ते त्या दिवशी खाऊ नये.

पायरी सातवी : डबे, पुड्या आणि इंजेक्शने

व्हे प्रोटीन ही दुधापासून काढलेली भुकटी आहे. ती विषही नाही आणि चमत्कारही नाही. वर मांडलेला हिशोब जेवणातून पूर्ण होत असेल तर तिची गरज नाही; घ्यायचीच असेल तर पक्क्या बिलासह, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहून घ्यावी. क्रिएटिन या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या भुकटीचा दिवसाला ३ ते ५ ग्रॅम डोस निरोगी प्रौढांत सुरक्षित मानला जातो आणि ताकदीच्या व्यायामात त्याचा उपयोग होतो, पण त्याने वजन किलोभर वाढू शकते आणि लांब धावणाऱ्याला ते नको असते.

सरावापूर्वी घ्यायच्या, झटपट जोर देणाऱ्या पुड्यांपासून मात्र दूर राहावे. डीएमएए हे उत्तेजक असलेली उत्पादने घेतलेल्या दोन सैनिकांच्या मृत्यूनंतर अमेरिकी संरक्षण खात्याने डिसेंबर २०११ मध्ये ती आपल्या तळांवरील दुकानांतून काढून टाकली होती. स्टिरॉइडची इंजेक्शने आणि भरतीच्या आदल्या दिवशी मिळणाऱ्या अनामिक गोळ्या यांच्याबद्दल मी एकच सांगेन : जो आपल्याला त्या देतो, त्याला आपल्या हृदयाची आणि नोकरीची पर्वा नाही. सेनादलाच्या संघातून खेळणाऱ्यांनी तर खोकल्याचे औषधही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) प्रतिबंधित यादीशी ताडून पाहावे.

सुट्टीवर आलेल्या जवानासाठी

थंड किंवा उंच ठिकाणाहून थेट सोलापूरच्या उन्हाळ्यात आलेल्या जवानाच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्याच दिवशी पूर्वीच्या वेगाने धावायला निघू नये. सुट्टीत रोजची पीटी थांबते आणि जेवणावळी सुरू होतात, म्हणून आग्रह मोडवत नसेल तर निदान सकाळचा अर्धा-पाऊण तास धावण्यासाठी राखून ठेवावा.

उंचावर परतणाऱ्याला उलट अडचण येते. तेथे भूक मंदावते आणि ऊर्जेची गरज मात्र वाढते, त्यामुळे थोडे-थोडे, वारंवार आणि कर्बोदकांनी भरलेले खावे लागते. यासाठी सोलापूरची शेंगापोळी अत्यंत उपयुक्त आहे : शेंगदाणे आणि गूळ यांमुळे थोड्या आकारात पुष्कळ ऊर्जा मिळते आणि ती बरेच दिवस टिकते. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणीही आठवडेच्या आठवडे खराब होत नाही. पोळी लहान आकाराची करून दोन-दोनच्या पुड्या बांधून दिल्यास गस्तीवर खिशात नेता येतात.

माजी सैनिकासाठी

वरचे आकडे येथे पुन्हा पाहावेत. जड श्रमाचे ३,४७० आणि बैठ्या कामाचे २,११० यांत १,३६० किलोकॅलरींचा फरक आहे, आणि तो जवळजवळ सहा भाकऱ्यांइतका आहे. निवृत्तीनंतर बँकेच्या दारात किंवा कारखान्याच्या फाटकावर खुर्चीत बसून नोकरी करणारा माजी सैनिक जुन्याच मापाने जेवत राहिला, तर पोट सुटणे, रक्तदाब आणि मधुमेह यांचा वेगळा शोध घ्यावा लागत नाही. पोट वाढले की गुडघेही कुरकुरू लागतात, मग चालणे कमी होते आणि वजन आणखी वाढते.

कमी करायचे आहे ते भाकरी-भात, तेल आणि गोड. प्रथिने कमी करायची नाहीत. वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि त्यांना टिकवण्यासाठी साठीच्या पुढे दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम लागतो. ताटात भाकरी एक किंवा दीड, उसळ किंवा डाळ दोन वाट्या, भाजी भरपूर आणि ताक असा क्रम लावावा. प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागावीत. रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्री फुटाणे, फळ किंवा ताक एवढेच ठेवावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणून पापड, लोणचे आणि खारवलेल्या चटण्या यांवर नजर ठेवावी.

लष्करी कॅन्टीनमधून कोट्यावर मिळणाऱ्या दारूबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. रमच्या साठ मिलिलिटरच्या दोन पेगांतून सुमारे २८० किलोकॅलरी मिळतात, झोप बिघडते आणि व्यायामानंतर स्नायूंची दुरुस्ती मंदावते. कोटा मिळतो म्हणून तो संपवलाच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने सकाळी उपाशीपोटी लांब चालायला किंवा धावायला जाऊ नये. व्यायामात साखर अचानक उतरू शकते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

जखमी सैनिकांचा हिशोब वेगळा असतो. कृत्रिम पायाने चालताना त्याच अंतरासाठी जास्त ऊर्जा खर्च होते, तर मणक्याच्या दुखापतीनंतर चाकाच्या खुर्चीत राहणाऱ्याची एकूण गरज घटते. मात्र सतत एकाच स्थितीत राहून अंगावर दाबाच्या जखमा झाल्या असतील तर प्रथिने वाढवावी लागतात आणि पोट साफ राहण्यासाठी तंतुमय अन्न आणि पाणी यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. अशा खेळाडू-सैनिकांच्या आहाराचे नियोजन अंदाजाने नव्हे, आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच व्हायला हवे.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणीला जाताना केवळ कार्ड नेऊ नये. आठवडाभरात काय आणि किती खाल्ले, किती चाललो, वजन किती भरले आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सर्व एका वहीत लिहून सोबत न्यावे आणि उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी), हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. क्रिएटिनिन वाढलेले निघाले तर येथे दिलेले प्रथिनांचे प्रमाण लागू होत नाही. ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमी करावे.